शिंगासारखा प्रवाळ ओळखावा कसा : हेलिओफिलम या वंशाच्या आधारे

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलो शहराच्या दक्षिणेस, ईरी सरोवराकडे वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठांवर आणि बंद पडलेल्या खाणींमध्ये करड्या रंगाचा मऊ शेल खडक उघडा पडलेला आहे. पावसाने आणि हिवाळ्यातल्या गोठणाऱ्या पाण्याने हा खडक झिजला, की त्यातून बोटभर ते वीतभर लांबीचे, वासराच्या शिंगासारखे बाकदार दगड सुटून बाहेर पडतात. प्रत्येक दगड हा सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन कालखंडाच्या मध्यात, उथळ समुद्राच्या तळाशी एकट्याने राहणाऱ्या एका प्रवाळाचा सांगाडा आहे. असा नमुना हाती आल्यावर तो कोणत्या वंशाचा आहे हे कसे ठरवावे, याची रीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने दिली आहे. वंश म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, या अर्थाने हे दोन शब्द येथे वापरले आहेत.

उदाहरणासाठी हेलिओफिलम हा वंश घेतला आहे. तो त्या भागात मुबलक सापडतो, त्याची मुख्य खूण एकदा पाहिली की विसरत नाही, आणि त्याच्या नावामागची हकिकत नवख्याला सावध करण्यास पुरेशी आहे. पुढे जे काही सांगितले आहे त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: एकल प्रवाळाचा बाहेरचा आकार त्याच्या आयुष्यात काय घडले ते सांगतो, तो कोण होता हे सांगत नाही. ते समजण्यासाठी त्याला कापून आत पाहावे लागते.

कापण्यापूर्वी आतल्या भागांची ओळख

प्रवाळाचा प्राणी, म्हणजे पॉलिप, सांगाड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या वाटीसारख्या खळग्यात राहत असे. या खळग्याला कॅलिस म्हणतात. प्राणी जसजसा वाढत गेला तसतसा तो खाली चुन्याचा थर टाकून स्वतः वर सरकत गेला, त्यामुळे शिंगाचे निमुळते टोक हे त्याचे बालपण आणि रुंद तोंड हे त्याचे शेवटचे दिवस होत. एकाच नमुन्यात सगळे आयुष्य खालपासून वरपर्यंत रचून ठेवलेले असते, आणि वर्गीकरण करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

सांगाडा आडवा कापला, तर मोसंबीची आडवी चकती कापल्यावर दिसतात तसे कडेपासून मध्याकडे जाणारे पडदे दिसतात. हे सेप्टा होत. त्यांत लांब आणि आखूड पडदे सहसा आलटून पालटून येतात. लांबांना मुख्य सेप्टा आणि आखडांना गौण सेप्टा म्हणावे. सांगाडा उभा कापला, तर मध्यभागी इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांना टॅब्युला म्हणतात. कडेच्या बाजूला मात्र मजल्यांऐवजी अनारशाच्या जाळीसारखे लहान लहान फुगवटे रचलेले असू शकतात; हे डिसेपिमेंट होत. ते काही वंशांत असतात, काहींत अजिबात नसतात, आणि असणे-नसणे हाच पुष्कळदा निवाड्याचा पहिला मुद्दा ठरतो. सर्वांत बाहेर सालीसारखा पातळ थर असतो, त्याला एपिथीका म्हणतात. त्यावरच्या सुरकुत्यांमुळेच या गणाला रुगोझा हे नाव मिळाले, कारण लॅटिनमध्ये ‘रुगा’ म्हणजे सुरकुती.

रुगोझा हा गण ऑर्डोव्हिशियन कालखंडात उदयास आला आणि पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविलोपात, संपूर्णपणे नाहीसा झाला. आजच्या समुद्रातील दगडी प्रवाळ हे त्यांचे थेट वंशज मानले जात नाहीत. ते स्क्लेरॅक्टिनिया या वेगळ्या गणात मोडतात आणि जीवाश्मांच्या नोंदीत ट्रायासिक कालखंडाच्या मध्यापासून दिसू लागतात.

पहिली पायरी : उचलण्यापूर्वीची नोंद

नमुना उचलण्याआधी त्याचे स्थान आणि थर लिहून ठेवावा. खडकातच रुतलेला नमुना आणि ओढ्याच्या पात्रात घरंगळत आलेला नमुना यांत मोठा फरक आहे. पहिल्याचे वय थरावरून ठरवता येते, तर दुसऱ्याबाबत केवळ ‘याच्या वरच्या बाजूच्या कोणत्या तरी थरातून’ एवढेच म्हणता येते. वंश ठरवताना कालखंड माहीत असेल तर निम्मे पर्याय तेथेच गळून पडतात, म्हणून ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. नमुना जिवंत असतानाच्या उभ्या स्थितीत सापडला की आडवा पडलेला, तोंड वर होते की खाली, हेही लिहावे.

संग्रह करण्याची परवानगी जागोजागी वेगळी असते. बफेलोजवळच्या हॅम्बर्ग येथील पेन डिक्सी या जुन्या सिमेंट-खाणीच्या जागेवरील जीवाश्म उद्यानात प्रवेशशुल्क भरून आलेल्या लोकांना सापडलेले जीवाश्म घरी नेता येतात. नायगारा पाहण्यासाठी तेथवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यासाठी फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. याउलट इंडियाना राज्यातील फॉल्स ऑफ द ओहायो येथे डेव्होनियन प्रवाळांचे विस्तीर्ण फरशीसारखे थर नदीपात्रात उघडे पडलेले असले, तरी तेथे एक खडाही उचलण्यास मनाई आहे.

दुसरी पायरी : सफाई

हॅमिल्टन समूहाच्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या बफेलोकडच्या डेव्होनियन थरांच्या, शेलमधले नमुने स्वच्छ करायला साधे पाणी, जुना दात घासायचा ब्रश आणि सुई पुरते. सफाई करताना व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वापरू नये. रुगोझांचा सांगाडा कॅल्साइटचा असतो, आणि आम्लाने आधी एपिथीकेवरच्या सूक्ष्म रेषा जातात, मग कॅलिसमधील पडद्यांच्या कडा जातात. काही चुनखडकांतील प्रवाळांत कॅल्साइटची जागा सिलिकाने घेतलेली असते, आणि अशा नमुन्यांसाठी तज्ज्ञ लोक मुद्दाम आम्ल वापरतात. परंतु नमुना सिलिकाचा आहे याची खात्री झाल्याशिवाय हा मार्ग धरू नये. चाकूच्या टोकाने ओरखडा उठला तर तो कॅल्साइट आहे, एवढी चाचणी घरच्या घरी करता येते.

तिसरी पायरी : हा खरोखर रुगोझाच आहे का?

या प्रश्नावर नवख्यांचे पाय जितके घसरतात, तितकेच पूर्वी तज्ज्ञांचेही घसरले आहेत. कॅलसिओला हा युरोपातील, विशेषतः जर्मनीच्या आयफेल डोंगराळ भागातील, डेव्होनियन प्रवाळ चपलेच्या पुढच्या भागासारखा दिसतो, आणि त्याच्या तोंडावर चपखल बसणारे झाकण असते. लिनिअसने १७७१ मध्ये त्याला ॲनोमिया या शिंपल्यांच्या वंशात घातले होते, लामार्कने १७९९ मध्ये त्याला कॅलसिओला हे स्वतंत्र नाव दिले, आणि त्यानंतरही दीर्घकाळ तो दोन शिंपांचा प्राणी समजला जात होता. झाकण आणि त्रिकोणी तोंड पाहून शिंपला आठवणे स्वाभाविकच होते. आतली पडद्यांची रचना नीट पाहिली गेल्यावर तो रुगोझा ठरला.

उलट प्रकारची चूकही होते, म्हणजे जे प्रवाळ नाही ते प्रवाळ समजले जाते. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील नर्मदा खोऱ्यात, क्रिटेशस काळातील बाघ थरांचा एक खडक आजही ‘कोरलाइन लाइमस्टोन’ या नावाने ओळखला जातो. त्यात भरलेले तुकडे मुख्यतः ब्रायोझोआंचे, म्हणजे वसाहती करून राहणाऱ्या अगदी वेगळ्या प्राण्यांचे आहेत. एकदा रूढ झालेले नाव खडकाला कसे चिकटून बसते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण आहे.

शिंगासारख्या नमुन्याबाबत तीन शक्यता क्रमाने तपासाव्यात. क्रिटेशस काळातील रुडिस्ट हे शंकूसारखे शिंपले असतात. त्यांच्या भिंती जाड असतात आणि मध्याकडे जाणारे नियमित पडदे त्यांत नसतात. सरळ नळीच्या शीर्षपाद प्राण्यांच्या कवचात आडवे मजले असतात, पण उभे पडदे नसतात, आणि मजल्यांना भेदून जाणारी एक बारीक नळी असते. तिसरी शक्यता स्क्लेरॅक्टिनियाची, आणि ती सर्वांत फसवी आहे, कारण त्यांतही एकल, शिंगासारखे आणि भरपूर पडद्यांचे प्रकार आहेत. कच्छच्या जुरासिक थरांतील माँटलिव्हाल्टिया हा त्यांतलाच वंश असून, जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९०० मध्ये कच्छच्या प्रवाळांवरील आपल्या अभ्यासात त्याच्या जातींचे वर्णन केले आहे. जुरासिक थरात मिळालेले शिंग रुगोझा असणे शक्यच नाही, ही गोष्ट पहिल्या पायरीतील नोंदीवरूनच कळते. थर माहीत नसेल तर पडद्यांची मांडणी पाहावी: स्क्लेरॅक्टिनियात नवे पडदे सहाही भागांत चक्राकार क्रमाने येतात, तर रुगोझांत ते चारच ठिकाणी येतात. शिवाय स्क्लेरॅक्टिनियाचा सांगाडा मूळचा अरॅगोनाइटचा असल्याने जुन्या खडकांत त्याचे स्फटिक सहसा बदललेले असतात आणि आतली नक्षी पुसट झालेली असते.

ओघात हेही सांगायला हवे, की महाराष्ट्रात रुगोझा शोधण्यात अर्थ नाही. राज्याचा बहुतेक भाग व्यापणारा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि तोवर हा गण नष्ट होऊन १८ कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. भारतात त्यांच्या काळातील समुद्री खडक पाहायचे असतील तर स्पिती किंवा काश्मीरकडे वळावे लागते.

चौथी पायरी : बाहेरून मोजमाप

लांबी, तोंडाचा व्यास, कॅलिसची खोली आणि टोकाशी होणारा कोन मोजावा. वर्णनासाठी आकारांना ठरलेली नावे आहेत: टोकाशी सुमारे २० अंशांचा कोन असलेल्या सडपातळ शिंगाला सेराटॉइड, सुमारे ४० अंशांच्या शंकूला ट्रोकॉइड, सुमारे ७० अंशांच्या भोवऱ्यासारख्या आकाराला टर्बिनेट आणि त्याहून पसरटाला पॅटेलेट म्हणतात. ही नावे वर्णनात जरूर लिहावीत, पण त्यांवरून वंश ठरवू नये.

कारण साधे आहे. मऊ चिखलावर एकटा राहणारा प्रवाळ वजनाने किंवा प्रवाहाने कलंडतो, आणि कलंडल्यावर तोंड पुन्हा वर करून वाढतो. त्यामुळे शिंगाला बाक येतो. दोनदा कलंडला तर दोन बाक येतात. चिखलाचा लोट येऊन प्राण्याचा कडेचा भाग गाडला गेला, तर तो आक्रसून लहान होतो आणि पुन्हा रुंदावतो. मग एकात एक घातलेल्या पेल्यांसारखी आकृती तयार होते. हेलिओफिलममध्ये हा प्रकार वारंवार दिसतो. एकाच थरातून एकाच जातीचे सडपातळ, बसके, सरळ आणि वाकडे असे सगळे नमुने मिळू शकतात, आणि जुन्या काळी अशा प्रत्येक आकाराला वेगळे नाव देऊन अनेकांनी याद्या फुगवल्या आहेत.

बाहेरच्या दोन गोष्टी मात्र बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे एपिथीकेवरच्या आडव्या बारीक रेषा. कॉर्नेल विद्यापीठातील जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये अशा रेषा भिंगाखाली मोजल्या आणि डेव्होनियन प्रवाळांच्या एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० रेषा असल्याचे दाखवले. एक रेषा म्हणजे एक दिवस धरला, तर त्या काळी वर्षात सुमारे ४०० दिवस होते, म्हणजे पृथ्वी आजच्यापेक्षा वेगाने स्वतःभोवती फिरत होती. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावत आले आहे, असे खगोलशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे सांगत होतेच. वेल्स यांनी मोजलेल्या नमुन्यांत हेलिओफिलम होता. वंश ठरवण्यासाठी या रेषांचा उपयोग नाही, हे खरे; पण त्या शाबूत असलेला नमुना कापण्यापूर्वी दोनदा विचार करावा, आणि एकाच जागचे अनेक नमुने असतील तर झिजलेला नमुना कापायला घ्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे उभ्या खाचा. रुगोझात बाहेरच्या खाचेच्या बरोबर आत एक सेप्टम असतो. कुंथ नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८६९ च्या सुमारास या खाचांची मांडणी पाहून नियम बसवला, की सुरुवातीच्या सहा पडद्यांनंतर (त्यांतल्या एकाला कार्डिनल, त्याच्या समोरच्याला काउंटर आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या दोघांना ॲलर म्हणतात) नवे मुख्य सेप्टा केवळ चार जागी वाढतात: कार्डिनल सेप्टमच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही ॲलर सेप्टांच्या त्या बाजूला, जी कार्डिनलच्या समोरच्या काउंटर सेप्टमकडे असते. त्यामुळे शिंगावर एका उभ्या रेषेला दोन्ही बाजूंनी खाचा पिसाच्या केसरांसारख्या तिरक्या येऊन मिळताना दिसतात. ती कार्डिनल सेप्टमची जागा होय. डाव्या-उजव्या बाजूंना आणखी दोन रेषा अशा असतात, की त्यांच्या एकाच बाजूच्या खाचा तिरक्या येऊन मिळतात. त्या ॲलर सेप्टांच्या. कार्डिनलची जागा सापडली की पेन्सिलीने तेथे खूण करावी, कारण पुढची कापणी त्या खुणेवर अवलंबून आहे. कार्डिनल बाजू बाकाच्या बाहेरच्या अंगाला असते असे नवख्यांना सांगितले जाते, पण तसे नेहमीच नसते, म्हणून खाचाच पाहाव्यात.

पाचवी पायरी : कापणे

कापण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि कॅलिसमधून मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत, आणि शक्य असल्यास साचा करून प्लास्टरची प्रतिकृती ठेवावी. कापलेला नमुना पुन्हा जुळत नाही. हिऱ्याची कड असलेले पाते प्रत्येक कापाला एक-दोन मिलिमीटर दगड खाऊन टाकते.

एका नमुन्याचे किमान तीन आडवे छेद घ्यावेत: एक कॅलिसच्या तळाच्या किंचित खाली, एक मध्यावर आणि एक टोकाजवळ. नवखे लोक पहिला छेद बहुधा कॅलिसमधूनच घेतात आणि फसतात. कॅलिसमध्ये पडदे मध्यापर्यंत पोहोचलेले नसतात, टॅब्युला नसतात आणि मधली पोकळी चिखलाने भरलेली असते, त्यामुळे ज्या वंशाचे सेप्टा मध्यापर्यंत जातात तोही आखूड सेप्टांचा वाटतो. छेदाच्या मध्यभागी खडकाचा चिखल दिसला तर तो छेद कॅलिसचा समजावा आणि आणखी खाली जावे.

उरलेल्या तुकड्यातून कार्डिनल आणि काउंटर या दोन्हींतून जाणारा उभा छेद घ्यावा. हा छेद अक्षातूनच गेला पाहिजे. जरा बाजूने गेला तर टॅब्युलांचा पट्टा खरा आहे त्याहून अरुंद दिसतो किंवा गायबच होतो, आणि सगळा नमुना डिसेपिमेंटांनी भरल्यासारखा भासतो. बाकदार शिंगात एकच सरळ काप संपूर्ण अक्षातून जाऊ शकत नाही, म्हणून तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा उभा छेद घेणे बरे.

काचेवर चिकटवून ०.०३ मिमी जाडीपर्यंत घासलेले पातळ छेद प्रयोगशाळेत तयार होतात, परंतु घरी ॲसिटेटच्या सालीने काम भागते. त्यासाठी कापलेला पृष्ठभाग कार्बोरंडमच्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीने घासून आरशासारखा करावा, अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवून लगेच धुवावा, आणि बोट न लावता सुकू द्यावा. मग पृष्ठभागावर ॲसिटोन ओतून ॲसिटेटचा पातळ कागद एका कडेकडून हळूहळू टेकवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. तो पूर्ण सुकल्यावर अलगद सोलला, की सांगाड्याची नक्षी त्यावर उमटलेली मिळते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. ॲसिटोन झटकन पेट घेतो आणि आम्लाची वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा हे काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, विस्तवापासून दूर करावे. साल बिघडली तर पृष्ठभाग पुन्हा घासून दुसरी काढता येते, ही या पद्धतीची जमेची बाजू.

सहावी पायरी : छेद वाचणे

प्रत्येक आडव्या छेदासाठी व्यास आणि मुख्य सेप्टांची संख्या लिहावी. पडद्यांची संख्या व्यासाबरोबर वाढत जाते, त्यामुळे नुसती संख्या सांगून काही साधत नाही. ‘इतक्या मिलिमीटर व्यासाला इतके मुख्य सेप्टा’ अशी जोडी लिहावी लागते. पाच-दहा नमुन्यांच्या अशा जोड्या आलेखकागदावर मांडल्या, की एकाच जातीचे बिंदू साधारण एका पट्ट्यात पडतात.

त्यानंतर पाहायच्या गोष्टी अशा: मुख्य सेप्टा मध्यापर्यंत जातात का, आणि तेथे एकमेकांत गुंततात का; गौण सेप्टा किती लांब आहेत; कार्डिनल सेप्टम आखूड होऊन तेथे फोस्युला नावाची फट पडली आहे का; कडेला डिसेपिमेंट आहेत का आणि असल्यास त्यांचा पट्टा किती रुंद आहे; उभ्या छेदात टॅब्युला सलग आहेत की तुकड्यातुकड्यांच्या, सपाट आहेत की घुमटाकार; मध्यभागी खांबासारखी भरीव रचना आहे का.

हेलिओफिलमची खरी खूण सेप्टांच्या अंगावर असते. आडव्या छेदात त्याच्या सेप्टांवर दोन्ही बाजूंना समोरासमोर आखूड आडवे फाटे फुटलेले दिसतात, आणि पडदा माशाच्या काट्यासारखा दिसू लागतो. या फाट्यांना कॅरिना म्हणतात. शिडाच्या जहाजाच्या डोलकाठीवर जसे आडवे वासे असतात तशी ही रचना असल्याने इंग्रजीत तिला त्या वाशांचेच नाव दिले आहे. झिजलेल्या कॅलिसमध्येही भिंगाने पाहिल्यास पडद्यांच्या वरच्या कडेवर ओळीने बारीक दाते दिसतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरून नमुना गोळा केला त्या दिवशीच अंदाज बांधता येतो.

येथे एक चूक हमखास होते. आडव्या छेदात डिसेपिमेंटही दोन पडद्यांमध्ये आडव्या रेषांसारखेच दिसतात, आणि नवख्याला तीच कॅरिना वाटतात. कसोटी सोपी आहे: डिसेपिमेंटची रेषा एका सेप्टमपासून निघून शेजारच्या सेप्टमला जाऊन टेकते आणि बहुधा कमानीसारखी वाकलेली असते, तर कॅरिना आपल्याच पडद्याला चिकटून राहते आणि शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. संशय राहिलाच तर उभा छेद घ्यावा. त्यात कॅरिना कडेकडून वर आणि आत जाणाऱ्या समांतर रेषा म्हणून दिसतात आणि डिसेपिमेंटांच्या फुगवट्यांना छेदून जातात. जेथे कॅल्साइटचे स्फटिक नव्याने वाढलेले आहेत तेथे पडद्यांच्या कडा करवतीसारख्या होतात, आणि त्यांनाही कॅरिना समजू नये. खऱ्या कॅरिनांचे अंतर बऱ्यापैकी नियमित असते.

सातवी पायरी : शेजाऱ्यांशी तुलना

हॅमिल्टन समूहाच्या थरांत शिंगासारखे अनेक वंश एकत्र मिळतात. डिसेपिमेंट मुळीच नसतील, सेप्टा गुळगुळीत असतील आणि फोस्युला ठळक असेल, तर हेटरोफ्रेंटिस पाहावा. नमुना लहान असून डिसेपिमेंट नसतील आणि मध्यभागी पडद्यांची टोके जाड होऊन भरीव खांबासारखी जुळलेली असतील, तर स्टिरिओलाझ्मा. सगळा छेद फुगवट्यांनीच भरलेला असून पडदे जवळजवळ नाहीसे झालेले, केवळ टोकदार काट्यांपुरते उरलेले असतील, तर सिस्टिफिलॉइडिस. डिसेपिमेंटांचा रुंद पट्टा, त्याच्या आत तुलनेने अरुंद टॅब्युलांचा पट्टा, मध्याच्या जवळ पोहोचणारे मुख्य सेप्टा आणि त्यांवर ठळक कॅरिना, हे सगळे एकत्र आढळले तर हेलिओफिलम म्हणण्यास हरकत नाही. यांतली एकच गोष्ट जुळली तर थांबावे. कॅरिना इतर वंशांतही असतात, आणि त्याच थरांत सापडणाऱ्या वसाहती प्रवाळांतही त्या दिसतात.

‘एकल’ हा शब्दही फार ताणू नये. हेलिओफिलमचे बहुतेक नमुने एकएकटे असले, तरी फुटवे काढणारे आणि चक्क वसाहती करणारे नमुनेही या वंशात नोंदलेले आहेत. एकटे राहणे ही सवय आहे, आणि माझ्या मते ती वंशाच्या व्याख्येत घालण्याइतकी भरवशाची नाही.

आठवी पायरी : नाव कशावर उभे आहे ते पाहणे

आतली रचना जुळली म्हणजे काम संपले असे नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार वंशाचे नाव एका प्रातिनिधिक जातीला बांधलेले असते, आणि त्या जातीचे नाव एका प्रातिनिधिक नमुन्याला. आपण हेलिओफिलम म्हणतो तेव्हा आपला नमुना त्या साखळीच्या टोकाशी असलेल्या नमुन्याशी एकाच वंशात बसतो, असा दावा करत असतो.

ही साखळी कशी गुंतते हे हेलिओफिलममध्येच दिसते. न्यूयॉर्कचे भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १८४३ मध्ये तेथील हा प्रवाळ युरोपातून वर्णन झालेल्या हेलिॲन्थॉइडिस या जातीचाच मानला. पुढे १८४६ मध्ये जेम्स डेना यांच्या ग्रंथातून हॉल यांचे हेलिओफिलम हे वंशनाम प्रसिद्ध झाले. फ्रान्सचे मिल्न-एडवर्ड्स आणि जूल हेम यांनी १८५० मध्ये अमेरिकन प्रवाळ ही वेगळीच जाती असल्याचे ओळखून तिला हॉल यांच्याच सन्मानार्थ हेलिओफिलम हॉली असे नाव दिले. म्हणजे वंशाचा पाया ज्या नमुन्यांवर आहे ते अमेरिकन आहेत, युरोपातील जातीचे नव्हेत. हे ध्यानात न ठेवता युरोपातील नमुन्याशी तुलना करत बसलेला माणूस चुकीच्या दगडाशी आपला दगड ताडून पाहत असतो.

यासाठी दोन प्रकारचे वाचन लागते. रुगोझांच्या सर्व वंशांची मूळ नावे, प्रातिनिधिक जाती आणि छेदांची चित्रे ऑस्ट्रेलियाच्या डोरोथी हिल यांनी सिद्ध केलेल्या, ‘ट्रीटाइज ऑन इन्व्हर्टिब्रेट पॅलिओंटॉलॉजी’ या मालिकेच्या १९८१ च्या पुरवणी खंडात एकत्र मिळतात. तेथून सुरुवात करावी. त्यानंतर त्या विशिष्ट वंशावरचा अलीकडचा अभ्यास शोधावा. हेलिओफिलमबाबत विल्यम ऑलिव्हर आणि जेम्स सोरॉफ यांनी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या नमुन्यांवर सविस्तर काम प्रसिद्ध केले आहे. जुन्या ग्रंथांतील सुंदर शिळाछापील चित्रे बहुधा बाहेरच्या आकाराचीच असतात, म्हणून त्यांवर विसंबून निर्णय घेऊ नये.

नववी पायरी : किती खात्रीने लिहावे

निष्कर्ष लिहिताना खात्रीची पातळी नावातच दाखवण्याची पद्धत आहे. वंश पक्का पण जाती ठरत नसेल तर वंशनामानंतर ‘एसपी.’ लिहितात. जाती बहुधा तीच पण नमुना अपुरा असेल तर ‘सीएफ.’, आणि त्या जातीच्या जवळची पण वेगळी असावी असे वाटत असेल तर ‘एएफएफ.’ लिहितात. वंशाबद्दलच शंका असेल तर वंशनामानंतर प्रश्नचिन्ह टाकावे. नुसते टोक मिळाले असेल तर प्रश्नचिन्हाशिवाय काहीही लिहू नये, कारण बालपणी बहुतेक रुगोझा एकमेकांसारखेच दिसतात: डिसेपिमेंट आणि कॅरिना वाढीच्या नंतरच्या टप्प्यांत येतात, आणि हेलिओफिलमचे कोवळे टोक हेटरोफ्रेंटिस म्हणून सहज खपून जाते.

नवी जाती सापडली असा मोह झाला तर आधी त्याच थरातले आणखी वीस-पंचवीस नमुने पाहावेत. दोन टोकांचे नमुने वेगळे दिसत असले आणि मधल्या नमुन्यांनी ते अंतर भरून निघत असले, तर ती एकाच जातीतील विविधता होय.

शेवटी चिठ्ठी. तिच्यावर नमुन्याचा क्रमांक, स्थळ, थर, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, ठरवलेले नाव, ते कोणी आणि कोणत्या वर्षी ठरवले, आणि ते कोणत्या छेदांवरून ठरवले, एवढे असावे. तोच क्रमांक प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक सालीवर आणि प्रत्येक छायाचित्रावर न पुसणाऱ्या शाईने लिहावा, आणि आडव्या छेदांच्या सालींवर कार्डिनल बाजू बाणाने दाखवावी. जुने नाव चुकीचे ठरले तर जुनी चिठ्ठी फेकू नये. नवी तिच्या मागे जोडून दोन्ही त्याच डबीत ठेवाव्यात.